नणंद म्हणून कोर्टात: १७ ऑगस्ट ते अंतरिम आदेश

हे लिहू का नको असं वर्षभर चाललं होतं. शेवटी जिची गोष्ट आहे तिनंच सांगितलं की लिहा ताई, फक्त माझं नाव आणि गाव नको, आणि ते तीन हजारांचं नक्की लिहा. तिला इथे मनीषा म्हणते. मनीषा माझी भावजय, म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको, आणि केस आहे ती त्याच भावाविरुद्ध. नेटवर शोधलं तेव्हा कलमं सगळी सापडली, पण कुठल्या टेबलावर आधी जायचं, सोबत काय न्यायचं आणि तेवढ्या वेळात लेकरांना कुठे बसवायचं हे काही सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार, रात्री पावणेबाराला मनीषाच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे माझा भाचा, सात वर्षांचा. "आत्या, तू ये ना." एवढंच बोलला आणि फोन कट. भावाला लावला, उचलला नाही. आईला लावला तर आई म्हणाली, "काही नाही गं, नेहमीचंच आहे, झोप तू." त्या "नेहमीचंच"वर माझी झोप उडाली. मी तीन तास लांब राहते, रात्री काय करणार, शेवटी पोलिसांचा ११२ लावला. तुम्ही दुसऱ्या गावात असाल तरी चालतं, पत्ता नीट सांगायचा, जवळची खूण सांगायची. गाडी अर्ध्या तासात गेली म्हणे, पण आलेल्या हवालदारांनी दोघांना समोरासमोर उभं करून विचारलं, काय त्रास आहे का ताई. नवरा शेजारी उभा असताना ती काय सांगणार, नाही म्हणाली, गाडी परत. तरी तो कॉल वाया गेला नाही, तारीख वेळ नोंदली गेली आणि पुढे वकिलांनी ते अर्जात घातलं.

पहाटे सव्वापाचची एसटी पकडली. (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, या सगळ्या काळात त्या अर्ध्या तिकिटानं किती वाचवलं ते मलाच माहिती.) पोहोचले तेव्हा मनीषा चुलीसारखी तापलेली, डावा डोळा बंद, मनगट सुजलेलं, आणि अडीच वर्षांची पोर कडेवर. काय झालं होतं, तर लाडकी बहीणचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार राखीच्या आधी तिच्या खात्यात आले, एटीएम कार्ड माझ्या भावाकडे, त्यानं काढले, तिनं विचारलं की पोराच्या बुटांना त्यातले पाचशे ठेवा. बस, एवढंच विचारलं होतं तिनं.

सरकारी दवाखान्यात गेलो. आई मागोमाग रिक्षानं आली आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना म्हणाली की बाथरूममध्ये पडली सून. डॉक्टर लिहायला लागले पण. आईच्या तोंडावर तिला खोटं पाडायची माझी ती पहिलीच वेळ, माझा आवाज फाटला होता, म्हटलं नाही डॉक्टर, पेशंटला विचारा आणि ती सांगेल तेच लिहा. आईला बाहेर बसवलं. मग मनीषानं सांगितलं, नवऱ्यानं लाथ मारली, हात पिरगाळला. हे फार महत्त्वाचं आहे. अशा वेळी एमएलसी, म्हणजे मारहाणीची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करायला सांगायची, कागदावर "नवऱ्याने मारहाण केल्याचे पेशंट सांगते" असं आलंय का ते तिथंच वाचायचं, आणि जुने काळे-निळे डाग असतील तर तेही दाखवायचे, कारण त्यांचा रंग बघून किती दिवसांचे ते लिहितात. केसपेपर, एक्सरे, कशालाच पैसे लागले नाहीत. मनगट मोडलेलं नव्हतं.

तिथून पोलीस स्टेशन. दोन तास बाकावर, मग एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून देतो म्हणाले. मी भांडायला लागले की एनसी नाही, एफआयआर घ्या. नवऱ्याच्या-सासरच्या छळाच्या ४९८अ च्या जागी नवीन कायद्यात, बीएनएसमध्ये (भारतीय न्याय संहिता), ८५ कलम आलंय हे मी रात्री मोबाईलवर वाचून गेले होते आणि ते म्हणून दाखवायची मला फार घाई झाली होती. तेवढ्यात मनीषा हळूच म्हणाली, "ताई, एनसीच राहू द्या. ते आत गेले तर कंपनीतून काढतील, मग पोरांनी खायचं काय?" एनसी झाली, तिची कॉपी घेतली, तिला आणि पोरांना घेऊन माझ्या घरी निघाले, आणि स्टँडवर येईपर्यंत मी तिच्यावर चिडून एक शब्द बोलले नाही. स्टँडवरचा हिरकणी कक्ष कुलूपबंद होता, पोरीला तिनं पाण्याच्या टाकीमागे पदराआड घेतलं.

बसमध्ये मी तो प्रश्न विचारला जो कधीही कुणाला विचारू नये. म्हटलं, अगं इतके दिवस का सहन केलंस, सांगायचं होतंस. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आईंना दोनदा सांगितलं. एकदा तुम्हाला." २०२२ ची भाऊबीज, स्वयंपाकघरात, मी पुऱ्या लाटत होते आणि ती काहीतरी म्हणाली होती आणि मी म्हणाले होते की त्याचा स्वभावच तापट आहे गं, लहानपणापासून, जरा सांभाळून घे. मला शब्द न् शब्द आठवलं. पुढचा दीड तास आम्ही गप्प होतो.

१९ तारखेला राखीपौर्णिमा. भावाला राखी नाही. माझ्या मुलीनं भाच्याला बांधली आणि त्यानं लगेच मनगट बाहीत लपवलं, का ते मी विचारलं नाही.

मंगळवारी, २० ऑगस्टला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या आवारातच महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे तिथं गेलो. हे कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले आणि आता महाराष्ट्रभर आहेत. पोलिसांच्या आवारात असले तरी बसणाऱ्या ताई सोशल वर्कर असतात, खाकी कपडे नाहीत. मुंबईत तर सरकारी दवाखान्यातच ही सोय आहे, बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० सालापासून दिलासा केंद्र चालतं, आमच्याकडे तसं असतं तर त्या दिवशी डॉक्टरांसमोर एवढं करावं लागलं नसतं. असो.

समुपदेशक ताईंनी विचारायला सुरुवात केली आणि मी उत्तरं द्यायला. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर पोरांजवळ बसा. तुम्ही आल्यापासून यांच्या वतीनं अकरा वाक्यं बोललात, मी मोजली." कान लाल झाले माझे. बाहेर बसले. आत मनीषा पावणेदोन तास बोलत होती, मला वाटलं होतं हिला बोलताच येत नाही. निघताना त्या मला एकटीला म्हणाल्या की घरात एक माणूस हिचे निर्णय घेत होता, आता दुसरं माणूस घेणार असेल तर हिच्यासाठी फरक काय पडला? एफआयआर करायची, डीव्ही (घरगुती हिंसाचाराची केस) करायची, परत जायचं, काय करायचं ते ही ठरवेल, तुम्ही सोबत बसा. परत जायचं हा शब्द ऐकून मी उसळले होते, पण त्यांनी सांगितलं की बायका अनेकदा परत जातात आणि त्या वेळी जर सोबतच्यांनी दार लावून घेतलं तर पुढच्या वेळी फोन करायला कुणी उरत नाही.

त्याच दिवशी तिला डीव्हीचा कायदा समजावून सांगितला. २००५ चा कायदा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. यात नवऱ्याला थेट अटक होत नाही. कोर्ट आदेश देतं की मारायचं नाही, छळायचं नाही, घरात राहू द्यायचं, खर्चाला पैसे द्यायचे, मुलांचा ताबा तात्पुरता कुणाकडे ते ठरवतं, आणि त्यानं संरक्षण आदेश मोडला तरच तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मनीषानं तीनदा विचारलं, म्हणजे लगेच आत टाकणार नाहीत ना? नाही. मग करूया म्हणाली. ज्या गोष्टीसाठी मी पोलीस स्टेशनात तिच्यावर चिडले होते तिचं उत्तर असं सरळ मिळालं, फक्त तिला काय हवंय हे आधी कुणी विचारलं नव्हतं. आणि पैसे काढून घेणं, कार्ड स्वतःकडे ठेवणं, हेही कायद्यात हिंसाच आहे, आर्थिक हिंसा. ते ऐकून ती पहिल्यांदा रडली. मार सांगताना रडली नव्हती.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो असं नाही. बाई सध्या जिथे राहतेय, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात करता येतो. म्हणजे आमच्या तालुक्यात.

घरी दुसरंच सुरू होतं. माझे मिस्टर चांगले आहेत, त्यांनी स्वतःहून हॉलमध्ये गादी घातली, पण आठव्या दिवशी विचारलंच, साधारण किती दिवस? दोन खोल्यांत सात माणसं झालो होतो, त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. एका रात्री मॅच बघताना विकेट पडली आणि ते "अरे काय करतोय हा" म्हणून जोरात ओरडले. दोन मिनिटांनी बघतो तर भाचा गायब. बहिणीला घेऊन बाथरूममध्ये आतून कडी. अर्धा तास उघडेना. मिस्टर दाराशी जमिनीवर बसून त्याला सांगत होते, बाळा मी टीव्हीला ओरडलो रे. तेव्हापासून आमच्याकडे मॅच आवाज बंद करून. तो अंथरूणही ओलं करायचा, मनीषा पहाटे गुपचूप धुवून टाकायची आम्हाला कळू नये म्हणून. समुपदेशक ताईंनी सांगितलं की त्याला रागवायचं नाही, आणि मोठ्यांची केस, पैसे, पप्पा असं बोलणं पोरांसमोर नको.

कागदपत्रांनी सगळ्यात जास्त पिडलं. आधार तिकडे, जन्मदाखले तिकडे, पासबुक तिकडे. ई-आधार डाऊनलोड करायला गेलो तर ओटीपी जाणार भावाच्या मोबाईलवर. बँकेचाही तोच नंबर. म्हणून पहिलं काम आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं, त्याला कागद लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात, तेव्हा ५० रुपये फी होती. चार दिवसांनी नंबर अपडेट झाला, मग ई-आधार निघालं, मग बँकेत जाऊन नवीन नंबर, जुनं एटीएम ब्लॉक. आणि मोबाईलमध्ये व्हॉट्सॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन बघा. माझ्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर मनीषाचं व्हॉट्सॅप भावाच्या जुन्या फोनवर चालूच होतं, आम्ही समुपदेशकांना पाठवलेलं सगळं त्याला दिसत होतं. मॅपवरचं लोकेशन शेअरिंगही बंद केलं.

शाळेचं तुलनेनं लवकर झालं. जुनी शाळा दाखल्यासाठी वडिलांची सही मागत होती. आमच्या जिल्हा परिषद शाळेतले मुख्याध्यापक म्हणाले की दाखला येईल तेव्हा येईल, पोरगं उद्यापासून बसू दे, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं आरटीईमध्येच (शिक्षण हक्क कायद्यात) आहे. दुसरीत बसला. बूट माझ्या मुलीचे जुने.

२७ ऑगस्टला संरक्षण अधिकाऱ्यांकडे. हे महिला व बालविकास खात्याचे असतात, प्रत्येक ठिकाणी ऑफिस शोधावं लागतं, आमच्याकडे ते एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं आणि पाटी खाली. तिथल्या मॅडम डीआयआर भरतात, म्हणजे काय काय हिंसा झाली त्याचा अहवाल, ठरलेल्या नमुन्यात, फुकट. त्यात प्रसंग, तारीख, ठिकाण लिहायचं असतं. आणि इथे गाडी अडली. मनीषाला एकही तारीख आठवेना. सात-आठ वर्षांत झालेलं, कोण तारखा लिहून ठेवतं? मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तेव्हा पोरगी केवढी होती? तर ही पटकन म्हणाली, पेंटा लसीचा दुसरा डोस दिला त्याच रात्री, ती तापानं रडत होती आणि यांची झोपमोड झाली. पर्समध्ये पोरीचं लसीकरणाचं कार्ड होतं. घर सोडताना आधार राहिलं, मंगळसूत्र राहिलं, पण ते कार्ड तिनं उचललं होतं, ताप आला तर दवाखान्यात लागतं म्हणून. कार्डावर दुसऱ्या पेंटाची तारीख होती, एप्रिल २०२२. मग गोवरच्या लसीच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर. मग पोराच्या अंगणवाडीच्या पहिल्या दिवशी. मग बूस्टर. अशा सहा तारखा निघाल्या त्या पिवळ्या पडलेल्या कार्डावरून. कुणाला असं बसायची वेळ आली तर ते कार्ड आणि पोरांचे दवाखान्याचे कागद नक्की न्या. मी शेजारी बसून ऐकत होते, यातली नोव्हेंबरची तारीख त्या भाऊबीजेनंतर तीन आठवड्यांची होती.

वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कितीही उत्पन्न असलं तरी बाई म्हणून हक्क आहे. आम्हाला खिडकीवर आधी उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवलं होतं, मी दुसऱ्या दिवशी विधी सेवा कायद्याचं कलम १२ छापून नेलं, मग अर्ज घेतला. ५ सप्टेंबरला वकीलताई नेमल्या, तरुण, बोलायला फटकळ, कामाला चोख. मधे गौरी-गणपती. कलम १२चा अर्ज (हे डीव्हीतलं कलम १२, गोंधळ होतो) दाखल झाला १८ सप्टेंबरला. कोर्ट फी नाही. शपथपत्रं, नोटरी, झेरॉक्स मिळून साडेआठशे गेले. दाखल झाल्यावर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो, तो ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरी बसून दिसते. आम्ही दोनदा उगाच हेलपाटा मारण्यापासून वाचलो.

वकीलताईंनी मला विचारलं, तुम्ही शपथपत्र द्याल? घरातल्या माणसाचं वजन पडतं. मी हो म्हणाले आणि रात्रभर जागी राहिले. मी काय बघितलं होतं तेवढंच लिहिलं. दवाखान्यातलं, डोळा, मनगट, भाच्याचा फोन. आणि ती भाऊबीजही. वकीलताई म्हणाल्या हे लिहायची गरज नाही, उलट त्यांचे वकील विचारतील तेव्हा का गप्प बसलात. म्हटलं विचारू देत.

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न. आम्हाला पहिली तारीख २७ सप्टेंबर. नोटीस "घर बंद" शेऱ्यासह परत. १४ ऑक्टोबर, नोटीस लागली, भाऊ गैरहजर. २५ ऑक्टोबरला आला.

त्या दिवसाचं लिहायला जड जातंय. पोरीला त्या दिवशी घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून आणलं होतं, ही आमची चूक. पोरांसाठी एक वेगळं माणूस ठरवून ठेवा आणि तारखेला त्यांना कोर्टात आणूच नका. व्हरांड्यात तो दिसला आणि ती "पप्पा" करून धावत सुटली. त्यानं उचलली, मुका घेतला, खिशातून कुरकुरेचं पाकीट काढून दिलं, म्हणजे त्यानं ते ठरवूनच आणलेलं होतं. मनीषा भिंतीला टेकून उभी. मला वाटलं आता ही विरघळणार. ती म्हणाली, "ताई, त्यांना पोरगी आवडते, ते खोटं नाहीये." आणि पुकारा झाला तशी आत गेली, पोरीला माझ्याकडे देऊन. आत त्याच्या वकिलांनी से, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागितली, मिळाली, चार मिनिटांत बाहेर. जाताना भाऊ माझ्यासमोर थांबला. "ताई, तू तिकडं का बसलीयस?" रागानं नाही, खरंच न कळल्यासारखं. मी त्याला लहानपणी शाळेत सोडायला जायचे. माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण व्हरांड्यात पन्नास माणसं होती, मी पोरीचं तोंड पुसत बसले.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. मी गेले नाही. आईनं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की पोटच्या पोरीनंच घर फोडलं आमचं. आजही ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

१३ नोव्हेंबर, जजसाहेब रजेवर. मग निवडणूक, अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर. ४ डिसेंबरला से आला, त्यात लिहिलं होतं की मनीषा चिडखोर आहे, मोबाईल बघते, पोरांना मारते. तिनं पूर्ण वाचला आणि म्हणाली, शुद्धलेखन किती वाईट आहे. दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पोटगीच्या केसेससाठी ते ठरवून दिलंय. भावानं पगार बारा हजार दाखवला. बँकेचं स्टेटमेंट आणि पगारपत्रक मागवल्यावर अठ्ठावीस निघाला. नवऱ्याची सॅलरी स्लिप, पीएफचा मेसेज, कर्जाचे कागद, जे हाताशी असेल त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, घर सोडल्यावर ते मिळत नाही.

१८ डिसेंबरला अंतरिम अर्जावर युक्तिवाद, ९ जानेवारी २०२५ ला आदेश. मारहाण, फोनवर शिव्या, घरी-शाळेत येऊन त्रास देणं बंद. मुलांचा तात्पुरता ताबा तिच्याकडे, महिन्यातून दोन रविवारी वडिलांना भेट. खर्चाला महिना बारा हजार, अर्जाच्या तारखेपासून. आदेशाची प्रत फुकट मिळते, ती दोन्हीकडच्या पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या. आम्ही पेढे वगैरे काही आणले नाहीत, वडापाव खाल्ला आणि साडेतीनची बस धरली.

आदेश आला म्हणजे पैसे आले असं नसतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फेब्रुवारी कोरडा, मार्च कोरडा. वसुलीचा अर्ज, त्यात वकीलताईंनी मागितलं की कंपनीनंच पगारातून कापून थेट तिच्या खात्यात टाकावेत, कोर्टाला तसं सांगता येतं. एप्रिलमध्ये ते मंजूर, पहिले बारा हजार आले ७ मेला. थकबाकी अजून चालू आहे. मधल्या काळात मनीषा एका पोळी-भाजी केंद्रावर लागली, सकाळी सहा ते दहा, महिना सहा हजार, आणि मार्चपासून आमच्याच गल्लीत एक खोली घेतलीय, भाडं अडीच हजार. डिपॉझिटला तिनं स्वतःचे दोन ग्रॅमचे कानातले मोडले, मी देते म्हणाले होते, नको म्हणाली.

हिशोब विचारणारे बरेच असतात म्हणून, पहिल्या दिवसापासून अंतरिम आदेशापर्यंत आमचे सहा हजार आठशे सत्तर गेले. वकील फुकट असून. एसटी, रिक्षा, झेरॉक्स, नोटरी, पोरांचं खाणं. माझ्या पतसंस्थेतल्या चौदा रजा, त्यातल्या पाच बिनपगारी. रस्ता शोधताना १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन केला तर आपल्या जवळचं सखी वन स्टॉप सेंटर सांगतात, तिथं पाच दिवसांपर्यंत लहान मुलांसकट राहायची सोय असते, माहेर किंवा नणंद नसेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. पोरांसाठी हेल्पलाईन १०९८. आणि शेजारी राहणाऱ्यांनो, तुम्ही चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही, कायद्यातच लिहिलंय. भावाच्या शेजारच्या काकू मला नंतर म्हणाल्या की आम्हाला सगळं ऐकू यायचं, पण उगाच आपल्यावर केस आली तर.

मूळ अर्ज अजून चालू आहे, साक्षीपुराव्याला लागलाय. मागच्या तारखेच्या आदल्या रात्री मी रजेचा अर्ज लिहीत बसले होते तर मनीषा आली आणि म्हणाली, ताई तुम्ही नका येऊ, तुमची रजा जाते, मला कोर्टातला केसेसचा बोर्ड बघता येतो आता. फाईलची पिशवी माझ्याकडे असायची, ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अकराला मी फोन केला, उचलला नाही. साडेअकराला केला, नाही. पावणेएकला तिचा आला.

"आत होते हो ताई. पुढची तारीख बावीस. पोरगी जेवली का?"